बोडीतली चकलीसारखी गोगलगाय, घोरणारी गाय आणि पोटऱ्यांची खाज

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या धानाच्या बांध्यांना (खाचरांना) लागून बोडी, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं लहान तळं, आहे. पाणी उतरायला लागलं की काठाच्या गवतात आणि शेवाळात चकलीसारख्या वेटोळ्याच्या, चपट्या, तपकिरी गोगलगायी ढिगाने दिसतात. दोन गायी, बैलजोडी आणि एक म्हैस तिथेच पाणी पितात. त्यातली एक गाय काही महिन्यांपासून नाकातून घोरल्यासारखा आवाज करते, नाकातून चिकट शेंबूड गळतो, कधी त्यात रक्ताची रेघ असते. रोवणीला उतरणाऱ्या बायांच्या पोटऱ्यांवर बारीक पुरळ येऊन खाज सुटते. शेजारच्यांनी सांगितलं की बोडीत मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) ओता, गोगलगायी मरतील, सगळं थांबेल. ओतावं का?

ओतू नका. निदान आत्ता तरी नको. पण तुम्ही तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नात मांडल्या याचं मला कौतुक वाटलं. पूर्व विदर्भात पशुवैद्यक म्हणून तीस वर्षं गोठ्यागोठ्यांतून फिरलो. घोरणारी गाय घेऊन येणारे खूप भेटले, पायाची खाज सांगणाऱ्या बायाही भेटल्या, पण या दोन्हींचा बोडीतल्या गोगलगायीशी काही संबंध असेल असं स्वतःहून विचारणारं माणूस फार विरळा. संबंध आहे, किंवा असण्याची दाट शक्यता आहे. तो नीट समजायचा तर आधी ही गोगलगाय समजून घ्यावी लागेल, कारण मोरचूद का चालत नाही याचं उत्तर तिच्याच जगण्यात आहे.

तुमच्या वर्णनावरून ती इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस आहे. देशाये नावाच्या फ्रेंच शंखतज्ज्ञाने १८३४ मध्ये तिचं वर्णन केलं. एक्झस्टस म्हणजे लॅटिनमध्ये जळालेली, होरपळलेली. करपलेल्या चकलीचा रंग डोळ्यांसमोर आणा, नाव पटेल. खात्री करायची असेल तर एक उचलून बघा. उचलताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, का ते पुढे येईलच. शंखाला टोक नसतं, सगळे वेढे एकाच पातळीत गुंडाळलेले असतात आणि पूर्ण वाढलेली गोगलगाय साधारण अडीच सेंटिमीटर रुंद होते. तोंडाला झाकण नसतं. चिरडली तर लाल रंग निघतो. बहुतेक गोगलगायींचं रक्त फिकट निळसर असतं, पण या कुळातल्या गोगलगायींच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं. ते पेशींत नसून रक्तद्रवातच विरघळलेलं असतं, एवढाच फरक. सडक्या, कमी प्राणवायूच्या पाण्यात ती मजेत राहते त्यामागे हे लाल रक्त आहे.

तुमच्या बोडीत बाकीच्याही असणार, त्यांच्याशी गल्लत करू नका. लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, गोल, दाराला घट्ट झाकण असलेली ती पायला. पट्टे असलेली, झाकणाची, थेट पिल्लांना जन्म देणारी ती बेलामिया. या दोन्ही आपल्याकडे काही घरांत शिजवून खातात. लांब मळसूत्रासारखी ती मेलानॉइडिस. पातळ, टोकदार, मोठ्या तोंडाची, झाकण नसलेली ती लिम्निया. हिच्यावर मात्र लक्ष ठेवा, जनावरांच्या यकृतातला पर्णकृमी तिच्यात वाढतो. टिकलीएवढी चपटी चकती दिसली तर ती बहुधा जायरॉलस, आपल्या पाहुणीचं पिल्लू नव्हे. नवशिक्यांना इथेच फसायला होतं. इंडोप्लॅनॉर्बिसचं पिल्लू त्याच मापात जाड आणि फुगीर दिसतं.

तिच्यात एक गंमत आहे. शंख हातात धरला तर वेढे उजवीकडे वळल्यासारखे वाटतात, पण प्राणी डावखुरा आहे. श्वासाचं भोक, जननछिद्र, गुदद्वार सगळं डाव्या बाजूला. शंख ती आपल्याला वाटतो त्याच्या उलट बाजूने वागवते, म्हणून डोळा फसतो. कॉलेजात आमचे एक सर तोंडी परीक्षेला हाच शंख पुढे ठेवून विचारायचे, उजवा की डावा? वर्गातल्या निम्म्यांना त्यांनी यावर पाडलं होतं, मीही त्यातलाच.

आता तिचा दिनक्रम. ती पाण्यात राहते पण श्वास हवेतला घेते, आवरणाच्या आतली पोकळी तिला फुप्फुसासारखी. म्हणून ती पाण्याच्या वरच्या थरात, पानांच्या खाली, काठाला चिकटून असते आणि अधूनमधून पृष्ठभागाशी येऊन हवा भरून घेते. फुप्फुसात हवा असली की तरंगते. काठीने हलकेच डिवचा, टचकन एक बुडबुडा सोडून दगडासारखी खाली जाईल. बगळा आला, सावली पडली, गाईचं तोंड पाण्यात शिरलं की हीच युक्ती. खायला तिला शेवाळ, पाण्यातल्या पानांवरचा बुळबुळीत थर आणि कुजकी पानं लागतात. शेण-मूत मिसळलेल्या पाण्यात शेवाळ माजतं, म्हणजे तिचं ताट वाढलेलंच. वाहत्या नाल्यात ती फारशी दिसणार नाही. बोडी, गावतळं, मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावाची उथळ शेपटी, खाणीतली डबकी, विहिरीजवळचं साचलेलं पाणी, ही तिची घरं. बांधीतही जाते, पण बोडीइतकी रमत नाही.

प्रजननाचा भाग नीट वाचा, कारण मोरचुदाचं उत्तर इथे आहे. ती उभयलिंगी आहे. जोडीदार मिळाला तर जोडीने, नाही मिळाला तर एकटी स्वतःच्याच बीजाने अंडी घालते. पानाच्या खालच्या बाजूला, काडीला किंवा दुसऱ्या गोगलगायीच्या शंखालाही पिवळट, पारदर्शक जेलीची चपटी वडी चिकटवते. एकेका वडीत वीस-पंचवीस, कधी बरीच जास्त अंडी असतात. पाणी १५ अंशांच्या खाली असलं तर ती वयात येत नाही. ३० अंशांच्या आसपास तिचं सगळ्यात चांगलं चालतं आणि तेव्हा एक गोगलगाय आयुष्यात ८०० पर्यंत अंडी घालू शकते. आपल्या भागात पावसाळ्यानंतरचं कोमट पाणी म्हणजे तिच्यासाठी सणच. अंडी साधारण आठवड्याभरात फुटतात आणि पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः अंडी घालायला लागतात. आता हिशोब करा. मोरचुदाने हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव मेल्या आणि एक उरली, तर त्या एकीला नवऱ्याची गरज नाही. दिवाळीपर्यंत बोडी पुन्हा भरलेली.

आणि एक उरतेच. उन्हाळ्यात बोडी आटली की ती चिखलात, पानांच्या कुजक्या थराखाली शिरून पडून राहते. शंख कोरडा दिसतो, वरून पाहणाऱ्याला वाटतं सगळ्या मेल्या. पहिल्या पावसाचं पाणी साचलं की त्यातल्या काही जागच्या होतात. मी एकदा मे महिन्यात भेगाळलेल्या बोडीतून चिखलाची ढेकळं उचलून बादलीत भिजत घातली होती. दुसऱ्या दिवशी बादलीच्या कडेला तीन चकत्या चढल्या होत्या. बायकोने ती बादली परत वापरायला कधी दिली नाही, ते वेगळं. शिवाय ती नव्या पाण्यात फार चटकन पसरते. जनावरांच्या खुरांना लागलेला चिखल, पाण्यातली झाडं, मासेमारीचं जाळं, मत्स्यबीजाबरोबर आलेलं पाणी, काहीही पुरतं. आशियातून निघून ती नायजेरिया, आयव्हरी कोस्ट आणि कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटापर्यंत पोचली आहे.

जाता जाता एक. पुस्तकात तिला एका प्रजातीचं नाव असलं तरी नेपाळ आणि आग्नेय आशियातल्या नमुन्यांच्या डीएनए तपासणीत एकाच नावाखाली एकमेकींपासून बऱ्याच दूर गेलेल्या अनेक शाखा निघाल्या. बाहेरून सगळ्या सारख्याच चकल्या. त्यामुळे एका गावच्या बोडीत जंत भरपूर आणि शेजारच्या गावात कमी, असं का दिसतं याची काही उत्तरं तिथेही सापडतील असं माझं मत आहे.

आता घोरणाऱ्या गायीकडे.

रक्तवाहिन्यांत राहणारे काही कृमी असतात, शिस्टोसोमा नावाचे. बाकीचे चपटे कृमी पानासारखे असतात, हे मात्र दोऱ्यासारखे बारीक आणि नर-मादी वेगवेगळे. नराच्या पोटाला लांब पन्हाळीसारखी खाच असते आणि मादी आयुष्यभर त्या खाचेत राहते. आपल्या गुरांमधले तीन महत्त्वाचे: शिस्टोसोमा स्पिंडाले, शिस्टोसोमा इंडिकम आणि शिस्टोसोमा नासाले. पहिले दोन माँटगोमेरी यांनी १९०६ मध्ये मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत काम करताना वर्णिले. तिसऱ्याचं वर्णन मद्रास इलाख्यातल्या गुरांवरून अनंतनारायण राव यांनी १९३३ मध्ये केलं. पहिले दोन आतड्याच्या शिरांत राहतात, त्यांची अंडी शेणातून पडतात. नासाले नाकाच्या आतल्या अस्तराच्या शिरांत राहतो. तिघांनाही आपल्याकडे वाढायला लागते ती हीच चकलीवाली गोगलगाय.

नासालेची अंडी बुमरँगसारखी वाकडी असतात आणि नाकाच्या नाजूक अस्तरात रुततात. शरीर त्या अंड्यांभोवती गाठी बांधतं. वर्षानुवर्षं गाठींवर गाठी होऊन नाकात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ होते, हवेची वाट अरुंद होते आणि गाय घोरायला लागते. रात्री गोठ्याबाहेरून ऐकलं तर वाटावं आत माणूस झोपलाय. दुधावर परिणाम होतो, बैल नांगराला लवकर दमतो. गायी-बैलांत हे ठळक दिसतं, म्हशीत मात्र अनेकदा काहीच दिसत नाही. म्हशीच्या शरीरातही कृमी असू शकतात, नाकातून अंडीही पडू शकतात, पण ती बिचारी घोरत नाही. म्हणून घोरणाऱ्या गायीवर उपचार करून म्हशीला तसंच सोडलं तर बोडीत अंडी पडत राहतात. तुमच्या प्रश्नात म्हशीबद्दल काहीच तक्रार नव्हती, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पुढचा भाग मला आजही चकित करतो. गाय पाणी प्यायला तोंड खाली घालते, नाकातला शेंबूड पाण्यात पडतो. त्यातल्या अंड्यांना पाण्याचा स्पर्श होताच त्यातून केसाळ, डोळ्यांना न दिसणारं पिल्लू बाहेर येतं. त्याच्याकडे काही तासच असतात. तेवढ्यात इंडोप्लॅनॉर्बिस सापडली तर तिच्या मऊ अंगात शिरतं, नाही सापडली तर संपलं. आणि ती सापडते कुठे? काठाच्या उथळ पाण्यात, गवताखाली, नेमकं गाय तोंड घालते तिथेच. कृमीला शोधाशोध करावी लागत नाही, आपण दोघांची भेट घालून देतो.

गोगलगायीच्या आत एका पिल्लापासून पोतडीसारखी रूपं तयार होतात, त्यांच्यापासून आणखी पोतड्या, आणि साधारण महिन्याभरात त्यातून हजारो नवी पिल्लं बाहेर पडायला लागतात. ही पिल्लं शेपटीला दोन फाटे असलेली असतात आणि एका मूळ पिल्लापासून झालेली सगळी एकाच लिंगाची, सगळे नर किंवा सगळ्या माद्या. गोगलगायीचीही यात कंबर मोडते, तिची अंडी घालण्याची शक्ती बरीच घटते. तिच्याकडे शत्रू म्हणून पाहणाऱ्यांना मी हे सांगतो, ती आपल्या गायीइतकीच पीडित आहे. दुफाट्या शेपटीची पिल्लं उजेडात, दिवस वर आल्यावर बाहेर पडतात. जनावरं पाण्यावर येण्याची आणि बाया रोवणीत वाकलेल्या असण्याची वेळही तीच. गाय पाण्यात उभी राहिली की ती कातडीतून आत शिरतात, तोंड-नाकाच्या अस्तरातूनही शिरू शकतात.

आणि बायांच्या पोटऱ्या? ही पिल्लं माणसाच्या कातडीतही घुसतात, त्यांना कोण गाय कोण बाई हे कळत नाही. पण माणसात ती वाढू शकत नाहीत, कातडीतच मरतात. मरताना शरीर त्यांच्यावर धावून जातं, तीच खाज. आधी चुणचुण, मग लाल पुरळ, काही दिवसांत आपोआप ओसरतं. दरवर्षी पुन्हा पुन्हा लागण होत असेल तर खाज जास्त तीव्र होते, कारण शरीर ओळखायला शिकलेलं असतं. आसाम आणि आग्नेय आशियातल्या भातशेतीत ही खाज चांगली परिचित आहे. तुमच्याकडची खाज हीच आहे का, हे ओळखायला एक सोपी खूण: चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात, कातडी पांढरी पडून सोलते. या कृमीची खाज पाण्याच्या पातळीपर्यंत घोट्यापासून पोटरीवर ठिपक्याठिपक्यांनी येते आणि बेचक्यात विशेष नसते. एवढं मात्र नक्की की या खाजेतून बायांच्या पोटात किंवा रक्तात गायीचे कृमी जाऊन बसणार नाहीत. खाजवून जखम चिघळली, ताप आला तर डॉक्टरकडे जायलाच हवं.

लगेच कोणीतरी बिल्हार्झियाचं, म्हणजे शिस्टोसोमामुळे माणसाला होणाऱ्या आजाराचं, नाव काढेल, म्हणून सांगून टाकतो. माणसाच्या मूत्रमार्गात राहणारा शिस्टोसोमा भारतात सापडला तो नेमका महाराष्ट्रात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी गावी. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी ते नोंदवलं. पण तिथे कृमीची वाहक म्हणून पुढे आलेली गोगलगाय वेगळी होती, फेरिसिया टेन्युइस नावाची, टोपीसारख्या इवल्या शंखाची. तुमच्या चकलीचा आणि त्या आजाराचा संबंध जोडून घाबरू नका.

गायीचं काय करायचं? आधी निदान. घोरण्याला इतर कारणंही असतात. ऱ्हायनोस्पोरिडियम नावाच्या जीवामुळे नाकात लालसर, दाणेदार मोड येतो, तोही रक्त गाळतो. नाकात जळू अडकलेली असते. शिंगाचा कॅन्सर किंवा सुजलेल्या गाठीही श्वास अडवतात. तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाकाचा स्राव आणि आतून खरवडलेला नमुना तपासायला सांगा. अल्कलीच्या द्रावणात गरम करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ती वाकडी अंडी चुकत नाहीत, एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. औषध आहे. जुन्या काळी अँटिमनीची इंजेक्शनं द्यायचो, आठवड्याच्या अंतराने, आणि जनावर व आम्ही दोघंही धास्तावलेले असायचो. आता प्राझिक्वांटेलही वापरतात. मात्रा मी इथे लिहिणार नाही, वजन आणि गाभण आहे की नाही हे बघून ती डॉक्टरांनीच ठरवायची. नेहमीचं जंताचं औषध, म्हणजे जे तुम्ही दर पावसाळ्याआधी पाजता, ते या कृमीवर चालेल असं धरू नका. अनेक मालक मला सांगतात, ‘साहेब, जंताचं दिलं होतं की!’ दिलं होतं, पण दुसऱ्या जंताचं. उपचारानंतर घोरणं कमी होतं. फार जुन्या गाठी मात्र पूर्ण विरघळतीलच असं नाही.

शेणही तपासून घ्या. याच गोगलगायीतून पोटात राहणारे काही चापटकृमीही येतात, त्यांची कोवळी पिलावळ लहान आतड्यात असताना वासरांना आणि शेळ्या-मेंढ्यांना पाण्यासारखी हगवण लागते आणि जबड्याखाली पाणी साचतं. ते कृमी मात्र कातडीतून येत नाहीत, गवतावर चिकटून पोटात जातात. म्हणून बोडीच्या काठचं, नुकतंच पाण्यातून उघडं पडलेलं हिरवं लुसलुशीत गवत वासरांना घालू नये. जनावराला ते सगळ्यात आवडतं, हा त्यातला वैताग.

आता मोरचूद. तांबं गोगलगायीला मारतं हे खरं, जगभर एकेकाळी तेच वापरलं. पण चिखल आणि सडकी पानं ते ओढून घेतात, त्यामुळे पाण्यात राहतं थोडं. तेवढ्यासाठी मात्रा वाढवली तर मासे मरतात. शेळ्या-मेंढ्यांना, विशेषतः मेंढ्यांना, तांब्याचा त्रास फार लवकर होतो. चिखलात शिरलेल्या आणि काठावर चढून बसलेल्या गोगलगायी वाचतात, जेलीतली अंडीही बरीच टिकतात. नंतरचा हिशोब वर केलाच आहे. शिवाय तुमच्या बोडीत ढिवर (मासेमार) मंडळींनी मत्स्यबीज सोडलं असेल तर भांडण तुमच्या दारात येईल, ते वेगळंच. शेर किंवा थोराच्या चिकानेही गोगलगायी मरतात, त्यावर संशोधनही झालं आहे, पण मासेही मरतात आणि तो चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. रिठ्याचंही तसंच. तुमच्यासारख्या पिण्याच्या पाण्याच्या बोडीत मी यातलं काहीच सुचवणार नाही.

मी काय करेन ते सांगतो, पहिल्या कामावर सगळ्यात जास्त जोर देऊन. गुरांना बोडीत उतरू देऊ नका. काठापासून दूर सिमेंटचं टाकं बांधा, बोरवेल किंवा विहिरीचं पाणी भरा. बोडीचंच पाणी वापरायचं असेल तर ते कापडातून गाळून, ज्यात एकही गोगलगाय नाही अशा टाक्यात दोन दिवस राहू द्या आणि मग पाजा. दुफाट्या शेपटीची पिल्लं दीड-दोन दिवसांत संपतात. टाकं दर आठवड्याला रिकामं करून घासा, अंड्यांच्या वड्या भिंतीला चिकटतात. हे एक काम झालं की कृमीचं चक्र दोन्ही बाजूंनी तुटतं: शेंबूड पाण्यात पडत नाही आणि पिल्लांना कातडी मिळत नाही. मग बोडीत हजार चकल्या असल्या तरी त्या निव्वळ शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. म्हशीला डुंबायला हवंच असतं, ते मी जाणतो. तिला बोअरच्या पाण्याखाली उभी करा, निदान औषधोपचार होईपर्यंत तरी.

आखरावर सगळ्या गावची गुरं एकत्र जमतात आणि एकाच तळ्यावर जातात, तिथे एकट्या तुमच्या टाक्याने सगळं भागणार नाही. गुराख्याशी बोला, दवाखान्यातल्या डॉक्टरांना गावात बोलावून सगळ्यांची गुरं एकाच वेळी तपासून घ्या. आमच्याकडे एका गावात सरपंचबाईंनी हातपंपाशेजारी लांब टाकं बांधून घेतलं होतं. पहिलं वर्ष लोक कुरकुरले, तिसऱ्या वर्षी गाय घोरते म्हणून माझ्याकडे त्या गावातून नवं जनावर आलं नाही.

काठाचं तण आणि पाण्यातली जलपर्णी, हायड्रिला ओढून काढा आणि ती उन्हात सुकवा, बांधावर ओली टाकून ठेवू नका, पहिल्या सरीत अंडी परत पाण्यात जातील. शेणखताचा खड्डा बोडीच्या चढावर असेल तर हलवा. बदकं पाळता येत असतील तर पाळा, त्यांना या गोगलगायी आवडतात. पाण्यातले मोठे ढेकूण, म्हणजे पाठीवर अंडी घेऊन फिरणारे ते चपटे किडे, यांना मारू नका, ते गोगलगायी फस्त करतात. आणि गोगलगाय खातो म्हणून कोणी थाई मागूर सोडायला सांगितला तर ऐकू नका, तो पाळायला बंदी आहे आणि एकदा सुटला तर बाकीचे मासे उरत नाहीत. केळीचं पान किंवा पळसाची फांदी संध्याकाळी पाण्यावर तरंगत ठेवून सकाळी उचलली तर खालच्या बाजूला गोगलगायी आणि अंड्यांच्या वड्या जमलेल्या दिसतील. त्या झटकून गरम पाण्यात टाकायच्या. मुलांना हे काम आवडतं, पण हातमोजे घालूनच.

रोवणीच्या बायांसाठी गमबूट उत्तम. धानाच्या चिखलात ते घालून चालणं किती कठीण असतं हे मी पाहिलंय, तेव्हा ते घालाच असा आग्रह धरणार नाही. उतरण्याआधी पायांना तेल किंवा व्हॅसलीन जाडसर चोपडलं तर थोडा अटकाव होतो. बाहेर आल्यावर पाय वाऱ्यावर सुकू देऊ नका, लगेच कोरड्या फडक्याने खसखसून पुसा. पायावरचं पाणी सुकत असताना पिल्लं कातडीत शिरतात, पुसल्याने बरीचशी निघून जातात.

शेवटी, तुम्ही विचारलं होतं की या गोगलगायीत कृमी आहेत की नाही हे घरी कळेल का. बऱ्यापैकी कळेल. पंधरा-वीस मोठ्या गोगलगायी पिशवी घातलेल्या हाताने गोळा करा, काचेच्या बरणीत स्वच्छ, क्लोरीन नसलेलं पाणी घेऊन त्यात सोडा आणि सकाळी आठ-नऊला उजेडात, पण तापणार नाही अशा जागी ठेवा. दोन-तीन तासांनी बरणीमागे काळं कापड धरून भिंगातून बघा. पांढरे, झटके देत वर जाणारे आणि मग सावकाश खाली येणारे ठिपके दिसले आणि शेपटीला इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे दिसले, तर बरणी हाताने न हाताळता दवाखान्यात दाखवा. नाही दिसले तर एका बरणीवर निष्कर्ष काढू नका. भरपूर कृमी असलेल्या तळ्यातही लागण झालेल्या गोगलगायी थोड्याच असतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी दोन-तीनदा करा. काम झालं की बरणीतलं पाणी बोडीत ओतायचं नाही. उकळतं पाणी वरून घालायचं, थंड झालं की खड्ड्यात पुरायचं. आणि ती बरणी घरात लोणच्याला परत घेऊ नका. माझ्या बादलीचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.